चाळीस माणसांसाठी दुधा-क्रीममधले बटाटे : तुमचे अनुभव लिहा

मंडळी, आमच्याकडे मिनेसोटात थँक्सगिव्हिंगच्या गुरुवारी दरवर्षी चाळीसेक माणसं जेवायला असतात. सुट्टीत कुठे जाता न येणारी विद्यार्थी मुलं, दोन-तीन कुटुंबं, भारतातून आलेले कुणाचे तरी आईवडील. टर्की एक मित्र करतो, शाकाहारी बाजू आमच्याकडे, आणि त्यातले बटाटे माझ्याकडे. इथे ज्यांना स्कॅलप्ड पोटॅटोज म्हणतात ते: पातळ चकत्या, दूध, क्रीम, वरून चीज, मग ओव्हन. दहा माणसांचे मी डोळे मिटून करते.

गेल्या वर्षी दोन मोठे फॉइलचे ट्रे आणले, एकवीस इंची, आणि काठोकाठ भरले. सव्वा तासाने वरून सुरेख रंग आला होता. डाव घातला तर कडेचे बटाटे विरघळलेले आणि मधल्या चकत्या सुरीखाली कचकच वाजत होत्या. दुसरा ट्रे बाहेर काढताना मधोमध दुमडला, उकळतं दूध ओव्हनच्या तळावर सांडलं, घरभर धूर झाला, अलार्म वाजायला लागला. जेवण पाऊण तास लांबलं. पाहुण्या आलेल्या एका काकूंनी मधले कच्चे तुकडे पानाच्या कडेला सारून ठेवले, बोलल्या काहीच नाहीत. मला ते पान अजून दिसतं.

चव बिघडली नव्हती. माझं मत असं झालंय की दहाचे चाळीस करताना सामान चौपट होतं, पण ओव्हन तेवढाच राहतो, आणि आपण पहिल्याचाच विचार करतो. यंदा पुन्हा करायचे आहेत. ज्यांनी पंगतीच्या प्रमाणात केलेत त्यांनी सविस्तर लिहा. फसलेलं असेल तर तेही लिहा, त्याचा जास्त उपयोग होईल.

ह्यूस्टन

ताई, मी बारा वर्षं हॉटेलच्या बँक्वेट किचनमध्ये होतो. तुमचा ट्रे फसला तो थराच्या खोलीमुळे. उष्णता कडेने आणि तळातून आत सरकते. तुम्ही थंड बटाटे आणि फ्रिजमधलं दूध चार इंच खोल भरलंत, तर मध्यापर्यंत ऊब पोचेतो कडेचा लगदा होणारच. थर दोन इंचांच्या वर जाऊ देऊ नका. नऊ बाय तेरा इंचाची चार भांडी घ्या, जाड काचेची किंवा चिनीमातीची. फॉइलचेच ट्रे वापरायचे असतील तर खाली पत्र्याचा सपाट बेकिंग ट्रे हवाच, आणि उचलायचा तो खालचा.

दुसरं म्हणजे बटाटा कच्चा भरूच नका. आम्ही दूध-क्रीम, मीठ, ठेचलेला लसूण, जायफळ मोठ्या पातेल्यात गरम करायचो आणि चकत्या त्यातच सोडायचो. मंद आचेवर दहा-बारा मिनिटं, लाकडी उलथन्याने तळापासून हलक्या हाताने हलवत. आधी दूध पाण्यासारखं पातळ दिसतं. मग बटाट्यातला स्टार्च सुटतो, बुडबुडे जड होतात, फुटताना आवाज करतात, आणि उलथन्याला साय चिकटल्यासारखा लेप राहतो. त्या क्षणी गॅस बंद. चकती वाकते पण तुटत नाही, अशी हवी. हे पातेलं सोडून जाऊ नका, दूध खाली लागलं तर करपट वास अख्ख्या घाण्याला लागतो आणि तो कशानेच जात नाही.

चाळीस माणसांचं प्रमाण: बाजूचा पदार्थ म्हणून माणशी पावणेदोनशे ग्रॅम, म्हणजे ७ किलो बटाटे. दूध आणि क्रीम अर्धं-अर्धं मिळून साडेचार लिटर. किलोमागे दोन सपाट छोटे चमचे मीठ. नुसतं कमी फॅटचं दूध वापरलंत तर फाटतं, क्रीममधलं स्निग्ध त्याला सांभाळून घेतं. ओव्हन १९० सेल्सिअस. पंचवीस मिनिटं फॉइल झाकून, मग चीज भुरभुरून वीस-पंचवीस मिनिटं उघडे. एका ओव्हनमध्ये चारही भांडी असतील तर मध्यावर वरची खाली, खालची वर. बाहेर काढल्यावर वीस मिनिटं हात लावू नका. तेवढ्यात ते दूध बसतं.

बटाटा युकॉन गोल्ड घ्या. रसेट पातेल्यात ढवळताना मोडतो. युकॉन गोल्ड कॅनडात ग्वेल्फच्या विद्यापीठात तयार झाला, १९८० पासून बाजारात आहे. आकारही टिकवतो आणि दाटपणाही देतो.

ग्रनोबल, फ्रान्स

वरचं वाचून बरं वाटलं, कारण हा पदार्थ ज्या दोफिने प्रांताचा, त्यातच मी सहा वर्षं राहते. इथे याला ग्रातँ दोफिनुआ म्हणतात. त्याचा सर्वांत जुना लेखी उल्लेख १२ जुलै १७८८ चा, गाप गावातल्या एका मेजवानीचा. तेव्हाही तो मोठ्या पंगतीचाच पदार्थ होता.

माझी चूक धुण्याची. आपल्याकडे काचऱ्या करताना चिरलेले बटाटे पाण्यात टाकतो, तसे मी टाकले आणि दोनदा धुऊन घेतले. सासूबाई (त्या इथल्याच) बाजूला उभ्या होत्या. त्यांनी पाण्यात हात घालून तळाशी बसलेला पांढरा गाळ बोटांवर घेऊन दाखवला. म्हणाल्या, तुझा सॉस हा इथे राहिला. त्या दिवशी ग्रातँ शेवटपर्यंत पाणचट राहिला. बटाटे धुवायचे ते चिरायच्या आधी. चिरल्यावर थेट दुधात, म्हणजे काळेही पडत नाहीत.

त्यांच्या घरी यात चीज घालत नाहीत, अंडंही नाही. भांड्याला आतून लसणाची पाकळी चोळतात, मग लोणी. चीजशिवायही वरती तपकिरी साय धरते. ग्रातँ हा शब्द खरवडणे या क्रियापदावरून आला आहे, म्हणजे आपली खरवड. कडेला चिकटलेली ती खरवड कुणाच्या वाट्याला येणार यावरून त्यांच्या घरी अजून मोठी माणसं भांडतात.

शाकाहारी मंडळींसाठी एक सांगते. चीज घालणार असाल तर लेबल वाचा. अस्सल ग्रुयेर आणि पार्मेझान या चीजमध्ये वासराच्या जठरातलं रेनेट, म्हणजे दूध गोठवणारा पदार्थ, असतं. चाळीस माणसांत कुणीतरी हे पाळणारं निघतंच, आणि त्यांना खाऊन झाल्यावर कळणं वाईट.

सॉल्ट लेक सिटी

मी कृती सांगायला आले नाही, पण हे लिहावंसं वाटलं.

आमचे सासरे इथे आमच्याकडे राहायला आलेले असताना गेले. फेब्रुवारी महिना, बाहेर गुडघाभर बर्फ. जवळचं नातेवाईक कुणी नाही. नवरा कागदपत्रांच्या धावपळीत, सासूबाई एका जागी बसून. गावी असतो तर सुतकाच्या घरात चूल पेटू दिली नसती, शेजारपाजारून पिठलं-भात आला असता. इथे कोण आणणार, म्हणून मी डाळ-तांदूळ काढत होते आणि दार वाजलं.

समोरच्या घरातल्या मॉर्मन या ख्रिस्ती पंथाच्या आजी. आत आल्या नाहीत. उंबऱ्यातच उभ्या राहून विचारलं, मांस चालत नाही ना तुम्हाला? अंडं? किती माणसं जेवाल? आणि परत गेल्या. संध्याकाळी तीन बायका तीन भांडी घेऊन आल्या. प्रत्येक भांडं जुन्या टॉवेलमध्ये गुंडाळलेलं, तळाला पांढऱ्या चिकटपट्टीवर घराचं आडनाव लिहिलेलं. एकात हे बटाटे होते. इथे त्यांना फ्यूनरल पोटॅटोजच म्हणतात. चर्चमधल्या बायकांची रिलीफ सोसायटी असते, १८४२ पासूनची. कुणाकडे मयत झाली की दफनानंतरचं जेवण त्या करतात आणि त्यात हे बटाटे ठरलेले. हा पदार्थ इतका इथला आहे की २००२ च्या हिवाळी ऑलिंपिकच्या वेळी त्याचा बिल्लाही निघाला होता.

गोठवलेला किसलेला बटाटा, सार क्रीम (आंबट क्रीम), चेडर चीज, डब्यातलं चिकनचं सूप आणि वरून लोण्यात घोळवलेले कॉर्नफ्लेक्स. आमच्या भांड्यात चिकनऐवजी मशरूमचं सूप होतं. आजींनी ते मुद्दाम सांगितलं, वापरलेला रिकामा डबा पिशवीत घालून दाखवायला आणला होता. सासूबाईंनी दोन दिवसांत काही खाल्लं नव्हतं. त्यांनी चमचाभर बटाटा तोंडात घेतला. तिखट नाही, फोडणी नाही, नुसतं मऊ आणि गरम. त्यांनी वाटीभर खाल्लं आणि मला म्हणाल्या, "यांच्याकडचं पिठलं आहे हे."

आता आमच्या गल्लीत कुणाकडे असं काही झालं की मीही हेच नेते. दोन भांडी, एक मशरूमचं. प्रमाण सोपं आहे, नऊ बाय तेराच्या एका भांड्याला साधारण ९०० ग्रॅम किसलेला बटाटा, १८० सेल्सिअसला पाऊण तास, बारा माणसं जेवतात. कॉर्नफ्लेक्स ओव्हनमध्ये घालतानाच वर पसरा, आदल्या रात्री घातले तर मऊ पडतात.

एडिसन, न्यू जर्सी

वरच्या ताईंच्या सार क्रीमवरून आठवलं. आम्ही मंडळात आषाढीला साठ माणसांचा फराळ केला होता. साबुदाणा एवढ्या प्रमाणात गिच्च होतो, म्हणून मी ओव्हनमधले उपासाचे बटाटे सुचवले: जिरं, हिरवी मिरची, सैंधव, दाण्याचं कूट आणि क्रीमऐवजी दही. कच्च्या चकत्यांवर दही ओतलं. दीड तास झाला, बटाटा शिजेना, आणि दह्याचं पाणी आणि चोथा वेगळा. आंबटात कच्चा बटाटा टणक राहतो, हे त्या दिवशी कळलं. सार क्रीमचे बटाटे जमतात कारण तो कीस आधीच अर्धा शिजवलेला असतो. पुढच्या वर्षी उकडून घेतलेल्या बटाट्यांवर गोड क्रीम घातलं, छान झाले.

सांगली

इथे भारतात हे करणाऱ्यांसाठी. बहिणीच्या केळवणाला पस्तीस माणसं होती आणि तिला हाच पदार्थ हवा होता. आमचा ओटीजी (घरगुती छोटा ओव्हन) अठ्ठावीस लिटरचा, त्यात एका वेळी सहा माणसांचे होतात. आई म्हणाली, नानकटाईला भट्टीवर नेतो तसं नेऊ या की!

बेकरीवाल्या काकांनी आधी नाही म्हटलं, दूध सांडलं तर भट्टी खराब होईल म्हणाले. मग त्यांनीच त्यांचे काठाचे काळे ट्रे दिले. पाव काढून झाल्यावर, दुपारी दोनला या म्हणाले. आम्ही घरून बटाटे दुधात अर्धे शिजवून दोन पातेली रिक्षाने नेली. काकांनी हात आत घालून अंदाज घेतला, अजून तापलेली आहे म्हणून दहा मिनिटं थांबवलं, मग लांब लाकडी फळीवरून एकेक ट्रे आत सरकवला. अर्ध्या तासात झाले. पावाच्या भट्टीची ती खरपूस चव घरच्या ओव्हनला येणार नाही. फ्रान्समध्येही पूर्वी लोक बटाट्यांची भांडी पाव झाल्यावर बेकरीच्या भट्टीत नेऊन ठेवायचे असं वाचलं, तेव्हा आईला फोन करून सांगितलं.

दोन गोष्टी सांभाळा. आपल्याकडच्या टेट्रापॅकच्या क्रीममध्ये साधारण २५ टक्केच फॅट असतं, म्हणून दूध पूर्ण मलईचं घ्या आणि लिटरमागे चमचाभर मैदा लोण्यावर परतून त्यात मिसळा. आणि बटाटा कोल्ड स्टोरेजचा असेल तर तो गोडसर झालेला असतो, लवकर काळपट तपकिरी होतो. आठवडाभर घरात बाहेर ठेवून मग वापरा.

स्टॉकहोम

मी मूळचा मालवणचा. इथे नाताळच्या जेवणात यान्सन्स फ्रेस्टेल्से असतं, यान्सनचा मोह. बटाट्याच्या काड्या, कांदा, क्रीम आणि मधल्या थरात छोटी मुरवलेली मासळी. डब्यावर आन्शोविस लिहिलेलं असतं, पण ते खरे स्प्रॅट मासे, दालचिनी आणि चंदन घालून गोडसर मुरवलेले. इटालियन अँचोव्ही घातलीत तर खारट होऊन जाईल. पहिला घास घेतला आणि घरचीच आठवण झाली, क्रीममध्ये मासळी ही कल्पनाच मला आवडली. शाकाहाऱ्यांचा ट्रे मी परतलेला कांदा आणि केपर्स (मुरवलेल्या खारट-आंबट कळ्या) घालून वेगळा करतो, डावही वेगळा ठेवतो. काड्या केल्या की सगळं एकसारखं शिजतं, हे मूळ प्रश्नासाठी.

सिएटल

बटाटे दुसऱ्याकडे न्यायचे असतील तर: घरी पूर्ण शिजवा, फक्त वरचा रंग तिथे जाऊन आणा. थंड पेयांचा जाड कूलर घ्या, तळाला टॉवेल, फॉइलने घट्ट झाकलेली भांडी, वर टॉवेल. बर्फ टिकतो तशी उष्णताही टिकते. मी थर्मामीटर घालून पाहतो, ६० सेल्सिअसच्या खाली जाऊ देत नाही. दुधाचा पदार्थ आहे, कोमट होऊन दोन तास टेबलावर राहिला तर टाकून द्यावा, कितीही जीव तुटला तरी.

मिनेसोटा, शुक्रवार सकाळ

झाले बटाटे. चार भांडी, दोन इंचांच्या आत, चकत्या न धुता, पातेल्यात दुधात शिजवून. पातेल्यात ते दूध जड होताना मी तिथून हलले नाही. फुटणाऱ्या बुडबुड्यांचा आवाज अगदी ह्यूस्टनच्या दादांनी लिहिला तसाच होता. तीन भांड्यांत चीज, एकात नुसतं क्रीम आणि लसूण, ते आधी संपलं. मीठ मला किलोमागे दोन चमचे भीतीपोटी जास्त वाटलं म्हणून दीडच घातलं. कमी पडलं, पुढच्या वेळी दोनच.

गेल्या वर्षीच्या त्या काकू यंदा पुन्हा लेकाकडे आल्या आहेत. त्यांनी दोनदा वाढून घेतलं. रात्री भांडी घासायला घेतली तर एका काचेच्या भांड्याची कड कुणीतरी चमच्याने आधीच साफ खरवडून ठेवली होती.