सीएएच (अड्रीनल ग्रंथींचा जन्मजात विकार) असलेल्या बाळाच्या शस्त्रक्रियेबाबत अनुभवी व्यक्तींचे मार्गदर्शन हवे आहे (सांगली जिल्हा)

नमस्कार. आम्ही तासगाव तालुक्यात राहतो. आमचे पहिले अपत्य आता अडीच महिन्यांचे आहे. जन्माच्या वेळी बाह्य जननेंद्रिय पाहून दवाखान्यात मुलगा म्हणून सांगण्यात आले, तशीच नोंद झाली आणि आम्ही भावकीत पेढेही वाटले. अकराव्या दिवशी, घरात बारशाची तयारी चालू असतानाच, बाळ दूध ओढेनासे झाले, उलट्या सुरू झाल्या आणि मिरजेला पोहोचेपर्यंत ते निपचित पडले होते. रक्तातील सोडियम फार उतरले होते आणि पोटॅशियम वाढले होते. पुढच्या तपासण्यांत गर्भाशय व बीजाशय दिसले, गुणसूत्रे ४६ एक्सएक्स निघाली आणि कंजेनायटल अड्रीनल हायपरप्लेजिया, म्हणजे सीएएच, हे निदान झाले. यात मुलीचे बाह्य जननेंद्रिय मुलासारखे दिसू शकते. आमची मुलगी आहे.

हायड्रोकॉर्टिसोन, फ्लुड्रोकॉर्टिसोन आणि मोजून मीठ नियमित देतो. ताप आल्यास हायड्रोकॉर्टिसोनचा डोस वाढवायचा, हेही समजले आहे. वजन वाढते आहे. त्याबद्दल शंका नाही.

अडचण बाह्य जननेंद्रियाच्या शस्त्रक्रियेची आहे. एका सर्जनांचे म्हणणे, वर्षाच्या आत उरकून घ्या, तिला काही आठवणार नाही. दुसऱ्यांनी सांगितले की लघवी व्यवस्थित होते, संसर्ग नाही, तेव्हा केवळ दिसण्यासाठी घाई नको. संवेदना कमी होऊ शकते आणि कापलेले परत जोडता येत नाही. मद्रास उच्च न्यायालयाच्या २०१९ च्या निकालानंतर तमिळनाडू सरकारने जिवाला धोका नसताना लहान मुलांवर अशा शस्त्रक्रिया करण्यास मनाई केली. तो आदेश त्या राज्यापुरता आहे, परंतु आईवडिलांची संमती ही मुलाची संमती नव्हे, हे त्या निकालातील म्हणणे माझ्या मनातून जात नाही.

माझी आई शस्त्रक्रियेचा आग्रह धरते, आणि तिची काळजी मला कळते. पत्नी दुसऱ्या कोणालाही बाळाचे लंगोट बदलू देत नाही, म्हणून अजून माहेरीही गेलेली नाही. ग्रहणात हिने विळी धरली असणार, असे भावकीत बोलले गेले, तेव्हा सदोष जनुक आम्हा दोघांकडूनही आलेले आहे आणि प्रत्येक गरोदरपणात बाळाला हा आजार होण्याची चारात एक अशी शक्यता असते, हे मी थोरल्या चुलत्यांना समोर बसवून सांगितले.

ज्यांची लहानपणी अशी शस्त्रक्रिया झाली, किंवा झाली नाही, त्यांना आज त्या निर्णयाबद्दल काय वाटते? थांबलेल्या कुटुंबांनी अंगणवाडी आणि पाहुण्यारावळ्यांत कसे निभावले, आणि मुलीला कोणत्या वयात, कोणत्या शब्दांत सांगितले? जन्मनोंदीतील लिंग १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याच्या कलम १५ खाली दुरुस्त करून घेताना कोणी कोणती कागदपत्रे दिली, हेही कळवावे. कृपया उत्तरात कोणाचेही नाव वा छायाचित्र देऊ नये.

पुढील महिन्यात पहिल्या सर्जनांना आमचा निर्णय सांगायचा आहे.