टेरी फॉक्स रन: मंडळाचा गट न्यायचा आहे, तयारी काय करावी?

ओकव्हिलकर:
आमच्या मराठी मंडळातले वीसेक जण यंदा, २०२६ला, टेरी फॉक्स रनला, म्हणजे कॅनडात कॅन्सर संशोधनासाठी पैसे जमवायला दरवर्षी होणाऱ्या धावण्या-चालण्याच्या कार्यक्रमाला, यायचं म्हणताहेत. निम्मे साठीपुढचे, भारतातून आलेले आईवडील. शिवाय दोन स्ट्रोलर. धावणारं कोणीच नाही, सगळे चालणार. वेळेचं बंधन असतं का? पैसे कसे गोळा करायचे? मंडळाच्या बॅनरवर स्पॉन्सरचा लोगो चालेल का?

पायपीट:
आधी कॅलेंडर बघा. रन लेबर डेनंतरच्या (सप्टेंबरचा पहिला सोमवार) दुसऱ्या रविवारी असतो, म्हणजे यंदा २० सप्टेंबरला. गणेश चतुर्थी १४ला, तेव्हा मंडळाचा गणपतीही त्याच शनिवार-रविवारी येणार. हॉल शनिवारचा घ्या. मोदक वळणारे आणि चालायला येणारे बहुधा तेच असतात.

'रन' नावापुरता. वेळ मोजत नाहीत, नंबर काढत नाहीत, प्रवेश फी नाही. अंतर प्रत्येक गावच्या आयोजकांवर असतं, साधारण १ ते १० किमी. साठीपुढच्यांना ५ पुरे. रमतगमत सव्वा तास लागतो. मार्ग डांबरी आहे की खडीचा, हे स्ट्रोलरसाठी आधीच विचारून ठेवा.

सराव आठ आठवडे आधी: आठवड्यातून चार दिवस २५ मिनिटं, दर आठवड्याला ५ मिनिटं वाढवत. शेवटचा आठवडा हलका.

घोळ होतो तो पायांचा. कॉटनचे मोजे घाम धरून ठेवतात, ओली कातडी घासते आणि टाचेला फोड येतो. सिंथेटिक किंवा लोकरीचे पातळ मोजे घ्या. चालून पाय फुगतात, म्हणून बुटात अंगठ्यापुढे बोटभर जागा हवी. टाच वर-खाली होत असेल तर सगळ्यात वरचं जादा भोक वापरा: नाडी बाहेरून त्याच बाजूच्या भोकात घालून छोटा फास ठेवा, दुसऱ्या बाजूची नाडी त्या फासातून ओवा, दोन्ही टोकं खाली ओढून मग गाठ मारा. नवे बूट त्या दिवशी तर मुळीच नकोत.

हिशेबनीस:
पैशाचं मी सांगतो. रन भरवणाऱ्या टेरी फॉक्स फाउंडेशनच्या साइटवर टीम उघडा, प्रत्येकाचं पान त्याखाली येऊ द्या आणि लोकांना थेट तिथेच कार्डने द्यायला सांगा. 'सगळ्यांनी मला ई-ट्रान्सफर करा, मी एकदम भरतो' हे अजिबात नको. भरणाऱ्याच्या नावाने पावती निघते आणि बाकीच्यांची करसवलत बुडते. रोख आलीच तर प्लेज शीटवर (देणगीदारांच्या नोंदीचा कागद) पूर्ण नाव, पोस्टल कोडसह पत्ता आणि रक्कम, वाचता येईल अशा अक्षरात.

एका वर्षात २०० डॉलरच्या वरच्या देणगीला कॅनडातल्या कर-क्रेडिटचा (करातून मिळणारी सूट) दर चढा असतो. म्हणून नवराबायकोने दोघांच्या पावत्या एकाच्याच रिटर्नमध्ये लावाव्यात. ऑफिस मॅचिंग देतं का, म्हणजे तुमच्या देणगीत स्वतःची भर घालतं का, तेही विचारा. भारतातल्या नातेवाइकांनी दिले तर त्यांना तिथे ८०जीची (देणगीवरची) करसवलत नाही, हे आधीच सांगितलेलं बरं.

पायपीट:
लोगोचं राहिलं. नको. १९८० मध्ये टेरी फॉक्स कॅन्सर संशोधनासाठी पैसे जमवायला एका कृत्रिम पायावर कॅनडाभर धावत रोज मॅरेथॉनएवढं अंतर कापत होता, तेव्हाही त्याने कंपन्यांची जाहिरात करायला नकार दिला होता. १४३ दिवसांत ५,३७३ किमी झाल्यावर, कॅन्सर फुफ्फुसात पसरल्याने त्याला ऑन्टारियोतल्या थंडर बेजवळ थांबावं लागलं. १९८१पासून दरवर्षी होणाऱ्या या रनमध्ये तीच शिस्त पाळतात. मंडळाचं नाव टीमला द्या, त्याला हरकत नाही. लाल टी-शर्टवाले दिसतील ते स्वतः कॅन्सरमधून गेलेले. त्यांना पुढे जाऊ द्या.

गोळीवेळेवर:
आईवडिलांपैकी कोणी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडवर (मधुमेहाची गोळी) असेल तर उपाशीपोटी आणू नका. रविवार म्हणून उपास, असं बरेचदा होतं. चालताना घाम, थरथर, बोलण्यात गोंधळ दिसला तर रक्तातली साखर उतरली समजून लगेच तीन चहाचे चमचे साखर पाण्यातून द्या आणि पंधरा मिनिटांनी साखर तपासा. चॉकलेट नको, त्यातल्या फॅटमुळे साखर उशिरा चढते. ग्लुकोमीटर गाडीत नाही, सोबतच्या पिशवीत हवा.