मदत हवी आहे: २६ जुलै २००५ च्या रात्री ठाणे-कळवा भागात हॉस्पिटल ड्यूटीवर कोणी होतं का?

नमस्कार मंडळी,

आम्ही ठाण्यातले सहा जण मिळून वीसेक मिनिटांची भुताची फिल्म करतोय. कळव्यातलं एक काल्पनिक हॉस्पिटल, रात्रीची वेळ, लाईट गेलेली.

डोक्यात किडा सोडला तो कोरिना फेथच्या 'द पॉवर' या भयपटाने (२०२१). त्यात १९७४ चं लंडन आहे. खाणकामगारांनी जादा काम बंद केलेलं, कोळसा पुरेना, म्हणून सरकारने १ जानेवारीपासून बहुतेक उद्योगांना आठवड्यातून तीनच दिवस वीज दिली. त्या काळोखात एका नव्या नर्सची पहिली रात्र. तिथल्या अंधाराला कारण आहे, हे मला फार आवडलं.

आपल्याकडे अशी रात्र म्हटली की २६ जुलैच आठवते. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिमी पाऊस, लोकल रुळांवरच उभ्या, पाणी भरलं तिथे वीज बंद. आमच्या कथेतली दिवसपाळीची सिस्टर घरी जाऊच शकत नाही, कारण तिला सोडवणारी सिस्टर वाटेत अडकली आहे.

पहिला खर्डा आत्याला वाचायला दिला. ती निवृत्त स्टाफ नर्स. लाईट जाते आणि सिस्टर जिन्याकडे धावते, या प्रसंगाशी ती थांबली. म्हणाली, "लाईट गेली की सिस्टर दाराकडे पळत नाही रे, पेशंटकडे जाते." मग हात पुढे धरून मूठ मिटली, सोडली, पुन्हा मिटली, ओठांतल्या ओठांत आकडे मोजत. व्हेंटिलेटरची बॅटरी संपली की अँब्यू बॅग (हाताने दाबून पेशंटला श्वास देणारी पिशवी) अशी दाबायची, दर पाच-सहा सेकंदांनी एकदा. वीज येईपर्यंत किंवा दुसरं कोणी हात लावेपर्यंत थांबायचं नाही.

त्या एका हातवाऱ्याने आमची कथाच बदलली. आता सिस्टर बॅग दाबत आकडे मोजते आहे आणि मागून कोणीतरी तिच्याबरोबर मोजतंय. तिला वळून बघायचंय, पण हात सोडता येत नाही.

आत्या त्या दिवशी रजा घेऊन गावी होती, म्हणून पुढचं तुम्हाला विचारतोय. जनरेटर पाण्यात गेल्यावर वॉर्डात उजेड कशाचा होता? ऑक्सिजन चालू असताना मेणबत्ती लावणार नाहीत, हे आत्याने सांगितलं. मग बॅटरी, की नोकिया ११०० चा टॉर्च? लिफ्ट बंद असताना ऑक्सिजनचे सिलिंडर वर कसे नेले? आणि मला सगळ्यात जास्त हवंय ते हे: पंखे बंद पडल्यावर वॉर्डात काय काय ऐकू येतं?

सिस्टर, ब्रदर, मावशी, वॉर्डबॉय, त्या रात्री दाखल असलेले पेशंट, कोणीही सांगा. घरातल्या कोणाची आठवण असेल तर त्यांना विचारून लिहा. हॉस्पिटलचं नाव आम्ही विचारणार नाही, फिल्ममध्येही येणार नाही.

शूटिंगसाठी घोडबंदर ते ऐरोली पट्ट्यात एखादा वापरात नसलेला वॉर्ड किंवा बंद पडलेलं नर्सिंग होम माहीत असेल तर तेही कळवा. चालू हॉस्पिटल नको, पेशंटना त्रास नको.

इथे लिहायचं नसेल तर व्यक्तिगत निरोप करा. पनवेलपर्यंत कुठेही येऊन भेटेन, आत्यालाही घेऊन येईन.