सायकलवरचा साधा दिवस: तुमचाही सांगा (अनुभव धागा)

काल माळा आवरताना पत्र्याच्या डब्यात जुना डायनॅमो सापडला. त्याचं चाक अंगठ्याने फिरवलं तर अजून तोच घर्रर्र आवाज! मग कसलं आवरणं नि काय.

१९८७ साली कॉलेजातून रात्री घरी येताना हा टायरला टेकवला की सायकल एकदम जड. बरं, पुण्याच्या अलका चौकात थांबलं की दिवा गुल, आणि हवालदार नेमका तिथेच.
"दिवा कुठंय?"
"साहेब, चालवली की लागतो."
"मग चालवून दाखव."
दाखवली. थेट घरापर्यंत.

आता पन्नाशी उलटलीय, पण ऑफिसला सायकलनेच जातो. धायरी ते शिवाजीनगर, साधारण दहा किलोमीटर. राजाराम पुलापर्यंत बसचा धूर हुंगायचा, मग डीपी रोड, म्हात्रे पूल आणि प्रभात रोडची झाडी. तिथे आल्यावरच मी माणसात येतो. शर्ट ऑफिसात बदलतो. संध्याकाळी तबल्याचा क्लास. एकदा डग्गा कॅरिअरला बांधून नेला होता, खड्ड्यागणिक 'घेऽ' वाजत होता. येताना चहावाल्याकडे मित्र ठरलेले. नऊला घरी, बायकोचं ठरलेलं वाक्य, "आलात? तेलकट हात कुठे लावू नका."

तर मंडळी, तुमचा साधा दिवस सांगा. लडाख, रेकॉर्ड वगैरे नको.

*पेठकरीण:*
साडी नेसून सायकल चालवली आहे का कुणी? मी चालवायचे, शाळेत नोकरी होती तेव्हा. मागच्या चाकाला जाळी, पदर खोचलेला, हँडलला तपासायच्या वह्यांची पिशवी. मुलं लांबूनच "बाई आल्या" म्हणून पळायची, माझी घंटी ओळखायची मेली. बाकी नंतर लिहिते, कुकरची तिसरी शिट्टी झाली.

*लांबपल्ला:*
रेकॉर्ड नको म्हणालात म्हणून फक्त एवढंच सांगतो की २०० किमीची ब्रेव्हे (ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांबची सायकलफेरी) केली आहे. साडेतेरा तासांची मुदत असते. बास, झालं. 😀
रोजचं म्हणाल तर नाशिकला गंगापूर रोड ते बँक, तीन किलोमीटर. त्यातही धाप लागते कारण कॉलनीतले तीन कुत्रे. ब्रेव्हेला कुत्रे नव्हते.

*धागाकर्ता:*
@लांबपल्ला, कुत्र्यांसाठी उतरून चालत जा. सायकल मध्ये धरायची. ते पण गोंधळतात.

*चिखलपाय:*
चेनचं ग्रीस सलवारीवरून कसं काढायचं? अर्जंट. उद्या तीच घालायचीय.

*पेठकरीण:*
आधी खोबरेल तेल चोळून ठेव अर्धा तास, मग भांड्यांचा साबण, गरम पाणी. साबण आधी लावलास तर डाग पसरतो. आणि उजव्या पायाला कपड्याचा चिमटा लाव गं, आम्ही तेच करायचो.

*डाईकच्या_काठी:*
नेदरलँड्समध्ये आहे, उट्रेख्तजवळ. स्टेशनखाली १२,५०० सायकलींचं पार्किंग आहे. पहिल्या आठवड्यात माझी सायकल शोधायला चाळीस मिनिटं लागली, ट्रेन गेली. नवरा म्हणाला, घंटीला लाल रिबन बांध. बांधली. दुसऱ्या दिवशी बघते तर शेजारच्या दोन सायकलींना पण लाल रिबन.
इथे चढ नाहीच, पण समोरून वारा आला की कात्रजचा घाट बरा वाटतो. मुलीला पुढच्या खोक्यात बसवून डे-केअर, मग स्टेशन. रविवारी मराठी मंडळाच्या तालमीलाही सायकलनेच, ढोल मात्र गाडीतून येतो.
धागाकर्त्याचा हवालदार वाचून हसू आलं, कारण मलाही इथे दिव्यावरूनच पकडलं. आणि "चालवून दाखवते" नाही चालत हो. दंड भरला गुपचूप.

*चिखलपाय:*
@पेठकरीण डाग गेला!!! 🙏 थोडा पिवळट राहिलाय पण कुडत्याखाली जाईल.

*आकुर्डीकर:*
वडील कारखान्यात होते, पहिली पाळी. पहाटे सहाला पुणे-मुंबई रस्त्यावर नुसत्या सायकली, प्रत्येक हँडलला डबा. मी लहानपणी त्यांचीच सायकल नळीखालून पाय घालून शिकलो. गुडघ्याची खूण अजून आहे. दर दिवाळीआधी ते स्वतः ओव्हरहॉलिंग करायचे, बेअरिंगचे छर्रे रॉकेलमध्ये भिजवून, वर्तमानपत्रावर मांडून. एक छर्रा हरवला तर अख्खं घर ओणवं. एकदा सापडेना, आई म्हणाली चिवड्यात गेला असेल. त्या वर्षी पाहुणे फार जपून चिवडा खात होते.
गेल्या वर्षी वडील गेले. सायकल ठेवली आहे, हवा भरतो महिन्याला.

*पेठकरीण:*
😔 भरत राहा रे बाबा.

*लांबपल्ला:*
छर्रा शेवटी सापडला का?

*आकुर्डीकर:*
हो. वडिलांच्याच शर्टाच्या खिशात.

*हवाकमी:*
डायनॅमो विकणार का? चालू आहे ना? फोटो टाका.

*धागाकर्ता:*
विकायचा नाही हो. आज ऑफिसला बसवून नेला. एलईडी आहे समोर, गरज काहीच नव्हती. धायरी फाट्यापर्यंत मांड्या भरून आल्या. चहावाला म्हणाला, "काका, कसला आवाज येतोय, बेअरिंग गेलं का?"