झडीत पपईचं बूड सडतंय, काय करू?

दर्यापूर तालुक्यातून विचारतो. अंगणातल्या पाचपैकी दोन पपया झडीत आडव्या झाल्या. बूड दाबलं तर बोट आत जाते, आंबूस वास येते. जमीन काळी, चिबडते. उरलेल्या तीन मायनं लावलेल्या आहेत, त्या वाचवाच्या आहेत.

— भाऊ, पह्यले चर काढा, पाणी बुडाशी थांबू देऊ नका. सडकी साल चाकूनं खरवडा अन् बोर्डो मलम लावा: मोरचूद (तांब्याचं निळं मीठ) 100 ग्रॅम, कळीचा चुना 100 ग्रॅम, पाणी 1 लिटर. प्लास्टिकच्या बादलीतच कालवा, लोखंडी नको.

— शेणखतात ट्रायकोडर्माही (सडवणारी बुरशी मारणारी चांगली बुरशी) द्या, पण बोर्डोसंग नाही. तांब्यानं तेही मरते.

— चर आत्ताच काढला. एका झाडाची साल आतून अजून पांढरी आहे. आज मलम लावतो.