जुनं ५८ सीसी चेनसॉ : पोर्टिंग करून घ्यावं का?

कुळागर_सत्तरी
नमस्कार मंडळी. गोव्यात वाळपईजवळ आमचं छोटं कुळागर (सुपारीची बाग) आहे आणि वर डोंगराला काजू. बेळगावहून एक वापरलेलं ५८ सीसीचं चायनीज चेनसॉ घेतलं, २२ इंची बार (चेन फिरते ती पट्टी). फांद्या झकास मारतं, पण जाड फणसात किंवा सुक्या अकेशियात अर्धा बार आत गेला की दम सोडतं आणि चेन थांबते. हुर्राकाच्या (काजूच्या दारूच्या) भट्टीचं जळण पाडव्याच्या आधी फोडून व्हायला हवं.

इकडे आरएक्स हंड्रेड बाइकचे पोर्ट (सिलिंडरच्या भिंतीतली हवा-धुराची भोकं) कोरून देणारा एक मेकॅनिक आहे. तो म्हणतो, सिलिंडर सोडवून दे, एक्झॉस्ट वर घेतो, सायलेन्सर मोकळा करतो, मग बघ. पैसेही फार मागत नाही. करून घेऊ का?

टू_स्ट्रोक_फोंडा
एक सांगा. चेन थांबते तेव्हा इंजिनचा आवाज पडतो, की इंजिन ओरडतच राहतं आणि चेन तेवढी उभी राहते? दुसरं असेल तर क्लच गेलाय, पोर्ट कोरून काहीही होणार नाही.

कुळागर_सत्तरी
आवाज पडतो. घरघर करून बंद पडायला येतं. थ्रॉटल सोडून परत दाबला की उचलतं.

टू_स्ट्रोक_फोंडा
मग क्लच ठीक. आता पैसे कुणाच्या हातात देण्याआधी दोन गोष्टी करा.

पहिली, सायलेन्सर सोडवा. दोनच बोल्ट असतात. दोरी हळू ओढत पिस्टन खाली-वर करा आणि एक्झॉस्टच्या भोकातून बॅटरी मारून पिस्टनची बाजू बघा. मूळची मशीनिंगची बारीक आडवी रेघ दिसत असेल तर छान. उभे ओरखडे, ॲल्युमिनियम फासल्यासारखा राखाडी पट्टा दिसला तर ते इंजिन एकदा सीझ होता होता वाचलंय. अशा सिलिंडरवर पोर्टिंग म्हणजे मेलेल्याला सलाईन.

दुसरी, कॉम्प्रेशन. प्लगच्या जागी गेज लावा, थ्रॉटल पूर्ण दाबून ठेवा, सुई वर जायची थांबेपर्यंत दोरी ओढा. १५०च्या आसपास पीएसआय आलं तर निरोगी. १२०च्या खाली असेल तर आधी रिंग बदला, हरवलेली ताकद तिथेच आहे.

आणि हो, ५८ हा आकडा स्टिकरवरचा. या जातीच्या बऱ्याच मशीनला बोअर ४५.२ मिमी आणि स्ट्रोक ३४ असतो. गुणाकार केलात तर साडेचोपन्न सीसी येतात. त्यावर २२ इंची बार म्हणजे आधीच ओझं जास्त. फणसाच्या बुंध्यात पूर्ण बार बुडवायचा हट्ट सोडून १८ इंची लावलात तर निम्मी तक्रार तिथेच मिटेल.

डिचोलीकर
चेनची धार कुणी विचारलीच नाही! सत्तरीत जमिनीवर पडलेलं लाकूड कापताना चेन एकदा जांभ्या दगडाला लागली की संपलं. ०.३२५ इंच पिचची चेन असेल तर ४.८ मिमीची गोल कानस, प्रत्येक दाताला सारखे हात. पण लोक विसरतात ती दातापुढची बुटकी, रेकर म्हणतात ती. दात घासून घासून खाली येतो, रेकर तिथेच राहतो, मग चेन लाकूड खायचंच सोडते. दातापेक्षा रेकर साधारण ०.६५ मिमी खाली हवा. पट्टी मिळते, ती टेकवून सपाट कानशीने उतरवा. भुसा पिठासारखा पडत असेल तर धार गेली, चांगल्या धारेला सोलीव चिपा पडतात. फार उतरवू नका, मशीन हिसके द्यायला लागेल.

रॅली_म्हापसा
सगळे घाबरवतायत, मी उलट सांगतो. माझ्या मशीनला मी सायलेन्सर मोकळा करून पोर्टच्या कडा साफ केल्यात आणि फरक कळतो. स्वस्त मशीनमध्ये ओतीव कामाचे फाटे तसेच राहिलेले असतात. गॅस्केट पोर्टच्या तोंडात आलेली असते. एवढं साफ करायला काय हरकत आहे?

टू_स्ट्रोक_फोंडा
कडा साफ करायला हरकत नाहीच. माझा विरोध एक्झॉस्ट "वर घेण्याला" आहे. आरएक्सला गिअर आहेत, खालची ओढ गेली तरी रायडर एक गिअर उतरवून आरपीएम वर ठेवतो. करवतीला गिअर नाही. एक्झॉस्टची वरची कड उचलली की तो लवकर उघडतो, दाबलेला स्ट्रोक आखूड होतो, कॉम्प्रेशन पडतं. रिकामं फिरवताना किंचाळेल, लाकडात मात्र आतापेक्षा लवकर बसेल. शिवाय आरएक्सचा एक्स्पान्शन पाइप परतीच्या लाटेने ताजं मिश्रण आत ढकलतो. करवतीच्या डब्यात ते होत नाही.

कोरण्याचा धोका वेगळाच. करवतीच्या सिलिंडरला आत लायनर नसतो, ॲल्युमिनियमवर पातळ प्लेटिंग असतं. डायग्राइंडर चुकीच्या दिशेने फिरला की कडेचा पोपडा निघतो आणि रिंग त्यात अडकते. पोर्ट रुंद करताना रिंगच्या तोंडाची पिन कुठे आहे ते बघितलं नाही तर रिंगचं टोक भोकात डोकावतं आणि तुटतं. एक्झॉस्ट रुंद करायचाच तर बोअरच्या ६० ते ६५ टक्क्यांच्या पुढे जाऊ नये आणि कडेला गोलाई हवी. सिलिंडर, पिस्टन, रिंग सगळं नवीन घ्यायची तयारी असेल तर जरूर करा. हे सुटे भाग स्वस्त मिळतात, शिकायला हीच मशीन बरी.

ताकद हवीच असेल तर माझा क्रम : आधी सायलेन्सर, मग बेस गॅस्केट (सिलिंडरच्या बुडाखालची पातळ चकती), पोर्ट सगळ्यात शेवटी. बेस गॅस्केट काढून सीलंटवर बसवलं की कॉम्प्रेशन वाढतं, एक्झॉस्ट उशिरा उघडतो, इंटेक जरा जास्त वेळ उघडा राहतो. खालची ओढ सुधारते. पण त्याआधी प्लगच्या भोकातून सोल्डरची तार भिंतीला टेकेल अशी घालून इंजिन एक फेरा फिरवा आणि चेपलेलं टोक मोजा. गॅस्केट काढल्यावर पिस्टन आणि सिलिंडरच्या छतामध्ये अर्ध्या मिमीपेक्षा कमी फट राहणार असेल तर हात लावू नका.

डिचोलीकर
सायलेन्सरच्या ठिणग्या अडवणाऱ्या जाळीचं काय? बरेच जण उपटून टाकतात.

टू_स्ट्रोक_फोंडा
अजिबात नको. मार्च २०२३मध्ये म्हादईच्या अभयारण्यात आणि आसपास काय वणवे लागले होते ते सत्तरीकरांना सांगायला नको. जळण तोडायचे दिवस म्हणजे नेमके वाळलेल्या गवताचे. जाळी काढून घासा, परत बसवा. दुसरं भोक पाडलं तर त्यावरही जाळी लावा, आणि तोंड टाकी, प्लास्टिक आणि पुढच्या हँडलपासून दूर ठेवा. एकूण तोंड एक्झॉस्ट पोर्टच्या क्षेत्रफळाच्या ७०-८० टक्के पुरे.

आता मुख्य. सायलेन्सर मोकळा केला की हवा जास्त जाते, मिश्रण पातळ होतं, आणि पातळ मिश्रण पिस्टन खातं. म्हणजे एच स्क्रू (कार्ब्युरेटरचा, पूर्ण थ्रॉटलचं पेट्रोल ठरवणारा) बाहेरच्या दिशेने थोडा सोडायचाच. बार-चेन लावलेली, मशीन गरम. पूर्ण थ्रॉटलवर रिकामं फिरवताना किंचित बडबडता, अडखळता आवाज हवा आणि लाकडात घातल्यावर तो स्वच्छ व्हायला हवा. रिकाम्यातच शिट्टीसारखं स्वच्छ वाजत असेल तर पातळ आहे, लगेच सोडा. जास्त वेळ रिकामं पळवू नका.

त्यात पंपावर आता ई२० (वीस टक्के इथेनॉलचं) पेट्रोल. साध्या पेट्रोलला हवा १४.७ पट लागते, यात साधारण साडेतेरा. जुन्या सेटिंगवर तेच कार्ब्युरेटर आपोआप पातळ चालतं. तुमचं मशीन लोडवर घरघरतं त्याचं एक कारण हेही असू शकतं. स्क्रू पाव फेरा सोडून आधी तेवढंच करून बघा.

रॅली_म्हापसा
ऑइल किती टाकता? मी पन्नासला एक.

टू_स्ट्रोक_फोंडा
टू-स्ट्रोक ऑइलच्या बाटलीवर एफडी ग्रेड असेल आणि मशीनचं पुस्तक सांगत असेल तर ५०:१, म्हणजे लिटरला २० मिली. चायनीज मशीनला मी २५:१ देतो, लिटरला ४०. फोर-स्ट्रोकचं २०डब्ल्यू४० कुणी टाकत असेल तर आजच थांबवा. पावसाळ्यात टाकी रिकामी करून बंद पडेपर्यंत चालवा, इथल्या दमटपणात इथेनॉल पाणी ओढून घेतं आणि खाली वेगळा थर बसतो. कार्ब्युरेटरचा रबरी डायाफ्राम कडक होतो तो वेगळा.

कुळागर_सत्तरी
बाब, देव बरें करूं. सायलेन्सर सोडवून बघितलं, आडव्या रेघा स्पष्ट आहेत, एक बारीक ओरखडा. गेजवर १४० आलं. रेकर मात्र दातांच्या जवळजवळ बरोबरीला होते! ते उतरवले आणि एच स्क्रू पाव फेरा सोडला, त्यावरच कालच्या अकेशियात मशीन थांबलं नाही. एक उरलंय. गरम झाल्यावर बाजूला कलंडवलं की आयडलिंगला रेस आपोआप चढते.

टू_स्ट्रोक_फोंडा
ती हवेची गळती. क्रँकचं सील किंवा इंटेकचा रबर बूट. ते होईपर्यंत मोठं लाकूड कापू नका, कारण त्यातून येणारी हवा स्क्रूने भरून निघत नाही. सायलेन्सरला ड्रिल मारायच्या आधी हे करा. मेकॅनिककडे गेलातच तर त्याला सील बसवायला सांगा, आरएक्सवाल्यांना ते काम उत्तम येतं.

डिचोलीकर
आणि उभं झाड असेल तर वन खात्याची परवानगी आधी. १९८४चा वृक्ष कायदा स्वतःच्या जमिनीतल्या झाडालाही लागू आहे. बारला जळकं ऑइलही नको, कुळागराच्या पाटात जातं ते.

कुळागर_सत्तरी
परवानगी आहे, बहुतेक वादळात पडलेलंच आहे. १८ इंची बार घेतो. त्याला चेन कुठली?

टू_स्ट्रोक_फोंडा
०.३२५च्या १८ इंचीला बहुधा ७२ ड्राइव्ह लिंक (बारच्या खाचेत चालणारे दात). जुन्या चेनच्या लिंकची जाडी बघा, ०.०५८ इंच असेल तर बारही त्याच खाचेचा हवा. दुकानदार ०.०५० देईल, बारीक म्हणून बसेल, आणि चेन डुगडुगत कापेल. जुनी चेन सोबत घेऊन जा.