मॉर्फिनच्या गोळ्या रेल्वेत चोरीला गेल्या, परत कशा मिळवायच्या?

अप्पांची_लेक (लातूर)
काल रात्री मुंबईहून येताना कुर्डुवाडीनंतर माझा डोळा लागला आणि उशाखालची पिशवी गेली. आत साडेतीनशे रुपये, माझा चष्मा आणि अप्पांच्या पंधरा दिवसांच्या मॉर्फिनच्या गोळ्या. दहा मिलिग्रॅमच्या, दर चार तासांनी एक, रात्री दहाला दोन, म्हणजे दिवसाला सहा. गोळ्यांचा एक पत्ता अप्पांच्या बंडीच्या खिशात होता म्हणून वाचला. त्यातल्या आता सहा उरल्यात. उद्या सकाळी सहाला शेवटची.

अप्पांना गालाचा कॅन्सर आहे. गोळी लांबली की ते भिंतीकडे तोंड करून बसतात. मागत नाहीत.

सकाळपासून चार मेडिकल झाले. "ताई, आम्ही हे ठेवतच नाही." एकजण तर चिठ्ठीऐवजी माझ्याच तोंडाकडे बघत राहिला, जशी काही गोळ्या मलाच हव्यात. मुंबईच्या डॉक्टरीणबाईंशी बोलणं झालं, पण व्हॉट्सॲपवर चिठ्ठी देता येणार नाही म्हणाल्या. चौकीत सांगतात, "चोरी कशाला, गहाळ लिहून देतो." घेऊ का तसंच? फाइल शाबूत आहे, ती भावाकडे होती.

संजू_पंढरपूर
आमचे काका मार्चमध्ये गेले. त्यांच्या पंचवीसेक गोळ्या कपाटात पडून आहेत. कुरिअर करू का ताई? पैसे नकोत.

औषधवाले_काका (नाशिक)
संजू, मन मोठं आहे तुझं, पण हे करू नकोस. मॉर्फिन एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्यात येतं. कुरिअरमध्ये सापडलं तर तूही अडकशील आणि ताईही. शिवाय काकांची गोळी दहाची होती की तीसची, साधी की हळूहळू विरघळणारी? तिथे चुकलं तर जिवावर बेतेल. उरलेल्या गोळ्या जिथून आणल्या त्या रुग्णालयात परत दे.

ताई, मेडिकलवाल्यावर रागावू नका. तीस वर्षं मी गल्ल्यामागे काढली, मीही हेच उत्तर द्यायचो. 1985 साली कायदा आला, राज्याराज्यांचे परवाने वेगळे, कागदांच्या धास्तीने बऱ्याच रुग्णालयांनी मॉर्फिन ठेवणंच सोडलं. 2014 च्या दुरुस्तीनंतर मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थांना ते सोपं झालं. तेव्हा शोधायची ती मान्यता असलेली संस्था. बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर रुग्णालय तुम्हाला मुंबईपेक्षा खूप जवळ, आधी तिथे फोन करा. जिल्हा रुग्णालयात पॅलिएटिव्ह केअरचा, म्हणजे दुखणं हलकं करणाऱ्या उपचारांचा कक्ष आहे का तेही विचारा. पॅलियम इंडिया ही याच कामातली संस्था, तिच्या संकेतस्थळावर अशा केंद्रांची यादी आहे.

डॉक्टरीणबाई बरोबर बोलल्या. 2020 च्या टेलिमेडिसिन नियमांत मॉर्फिनसारखं नार्कोटिक औषध फोनवरून लिहून देता येत नाही. पण एका डॉक्टरने दुसऱ्याशी बोलायला बंदी नाही. ते बोलणं आजच घडवून आणा.

आणि "गहाळ" घेऊ नका. चोरीच लिहा, औषधाचं नाव, ताकद, किती गोळ्या गेल्या, सगळं. पंधरा दिवसांचं औषध नेलेला रुग्ण दुसऱ्याच दिवशी का आला, याचं उत्तर तिथल्या नोंदवहीत लागतं. टाळाटाळ झाली तर रेल्वेच्या 139 वर तक्रार टाका. चोरी कुठल्या हद्दीत झाली यावरून तक्रार नाकारता येत नाही. प्रत फुकट मिळते.

उरलेल्या सहा गोळ्या पुरवून पुरवून देऊ नका. एकदम तुटलं तर दुखणं उसळतंच, वर घाम, जुलाब, बेचैनी. कसं द्यायचं ते डॉक्टरांनाच विचारा.

मंजिरी_ठाणे
रिकामे पत्ते टाकू नका! आईच्या वेळी चिठ्ठीवरचं अक्षर लागेना, तेव्हा जुन्या पत्त्यानेच काम झालं. रुग्णाला नेता येत नसेल तर नातेवाइकाचं आणि रुग्णाचं, दोघांचं ओळखपत्र लागेल.

अप्पांची_लेक (लातूर)
मिळाल्या!! रात्री मुंबईच्या बाई इकडच्या एका डॉक्टरांशी स्वतः बोलल्या. पहाटे भाऊ फाइल, तक्रारीची प्रत आणि रिकामा पत्ता घेऊन निघाला. इकडच्या डॉक्टरांनी व्हिडिओवर अप्पांना पाहिलं, भावाला बरंच उलटसुलट विचारलं आणि सात दिवसांच्या दिल्या, बेचाळीस. पुढच्या आठवड्यात अप्पांना दाखवायला न्यायचंय. दहाची गोळी अकरा वीसला पोटात गेली. त्या ऐंशी मिनिटांबद्दल काही लिहीत नाही.

चौकीत "चोरी" लिहून घ्यायला दोन तास गेले. हवालदार म्हणाले, "गोळ्यांना कोण चोरतं?" मी म्हटलं, साहेब, तुम्ही पिशवी चोरीला गेली असंच लिहा, आत काय होतं ते खाली लिहा. ते पटलं त्यांना.

अप्पांना आता बोलता येत नाही, पाटीवर लिहितात. दुपारी लिहिलं, "चोराला जुलाबाचं औषध पण पाठवा. नाहीतर बसेल आठ दिवस." मॉर्फिनने पोट साफ होत नाही हे ज्याच्या घरी आहे त्यालाच कळेल.

काका, एक राहिलं. मुंबईच्या तारखेला जाताना ही तक्रारीची प्रत दाखवायची की नवीन चिठ्ठी पुरेल?

औषधवाले_काका (नाशिक)
दोन्ही. आणि बेचाळीसचा आकडा स्वतःहून सांगा. गोळ्या आता दोघांच्या खिशात वाटून न्या.